विठाबाईंची साक्ष

विठाबाईंना आपल्या दिराचा, दौलतरावांचा राग होता, तो आजकालचा नव्हता. घरात शिरल्या शिरल्या पंखा फुल करून चपलांसकट सोफ्यावर बसायचं आणि 'वहिनी, चहा' म्हणून ओरडायचं, ही त्यांची पद्धत. नवरा होता तोवर त्या गप्प बसत. नवरा गेल्यावर गप्प बसायची सवय काही गेली नाही.

रिटायर झाल्यावर दौलतरावांनी सांधेदुखीची पावडर विकायला घेतली होती. पांढरा डबा, त्यावर पळणारा घोडा. गुडघ्यातली झिजलेली गादी भरून येते, ऑपरेशन टळतं, असं ते छातीठोकपणे सांगत. एक डबा त्यांनी विठाबाईंनाही आणून दिला होता. पंधरा दिवस त्यांनी ती दुधातून घेतली. पोट ढोल झालं, करपट ढेकरा सुरू झाल्या, तेव्हा डबा फळीवर मागे सरकवून टाकला.

उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पातल्या कारखान्यात बावीस वर्षं जीन्स शिवताना मशीनवर घासलेले ते गुडघे. ते सुटले ते दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या ऋतिका मॅडममुळे. मॅडमनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायला शिकवलं, दहापर्यंत मोजायला लावलं, वजन चार किलो उतरवायला लावलं. विठाबाईंनी चार महिने एक दिवस चुकवला नाही. मग बदलापुरात कात्रपच्या आपल्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगीत भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या माळ्यावर त्या एका दमात चढू लागल्या.

तशा चढतानाच दौलतरावांनी त्यांना गाठलं. खिशातून मोबाईल काढला.

"वहिनी, बघा हं इकडे. आधी चढता यायचं?"

"छे, कठड्याला धरून धरून."

"आणि आता?"

"आता चढते की."

"आपली पावडर घेता ना?"

विठाबाईंच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. पण नाही म्हटलं की हा माणूस दीड तास बसणार, शेजारपाजाऱ्यांसमोर वाद घालणार. शिवाय समोर मोबाईल होता, साडी बरी होती, आणि बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्याला काही विचारत होतं. "घेते ना," त्या म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा.

तो व्हिडिओ बदलापुरापासून उल्हासनगरापर्यंत फिरला. दूधवाला म्हणाला, आजी, तुम्ही हिरॉइन झालात. त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

आठवड्याभराने यशोधराचा फोन आला. कारखान्यात धागे कापायला त्यांच्या शेजारी बसायची ती. राहायला अंबरनाथला. बारा वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. "विठाताई, व्हिडिओ बघितला तुझा. माझेही गुडघे गेले गं. तुला खरंच फरक पडला का?"

"पडला ना," विठाबाई म्हणाल्या. टॉवेलचं सांगणारच होत्या, तेवढ्यात गॅसवर दूध उतू जायला आलं आणि त्यांनी फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

दीड महिन्यानं दुपारी दारावर थापा पडल्या. बाहेर यशोधराची मुलगी मैत्रेयी उभी होती. आत या म्हटलं तरी उंबरठा ओलांडेना.

"मावशी, आई चार दिवस हॉस्पिटलात आहे. नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. अंगभर काळेनिळे डाग. झडपेमुळे ती रक्त पातळ करायची गोळी घेते, तुम्हाला माहीत होतं. डॉक्टर म्हणाले, नवीन काय सुरू केलं? मी डबा दाखवला. म्हणाले, ह्या गोळीबरोबर हे घ्यायचं नसतं, रक्त जास्तच पातळ होतं, त्यामुळेच झालं असणार."

विठाबाईंनी दाराची चौकट धरली. "भावजींना सांगितलं नव्हतं का तिनं गोळीचं?"

"सांगितलं होतं. ते म्हणाले, नैसर्गिक आहे, कशाबरोबरही चालतं. तिचा विश्वास बसेना. मग म्हणाली, विठाताईला विचारते." मैत्रेयीनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही घेता का मावशी ती पावडर?"

"नाही."

"बस. एवढंच ऐकायला आले होते." आणि ती जिना उतरून गेली.

विठाबाई तशाच दौलतरावांकडे गेल्या. ते जेवत होते. ऐकून घेतलं, भातावर आमटी ओतली आणि म्हणाले, "या वयात रक्तबिक्त येतंच. आणि मी कुठे काय बोललो? व्हिडिओत तुम्ही बोललात."

"तो काढून टाका."

"शेकडो लोकांकडे गेलाय. आता काय काढणार?"

रविवारी शिवमंदिराजवळच्या एका हॉलमध्ये दौलतरावांची मीटिंग होती. विठाबाई पाठीमागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पन्नाससाठ माणसं, बहुतेक गुडघ्यांना पट्टे बांधलेली. पडद्यावर त्यांचाच चेहरा आला, हसरा. लोक वळून वळून बघू लागले. दौलतरावांनी टाळ्या वाजवल्या, "आणि आज वहिनी स्वतः आल्यात!"

विठाबाई उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या आपल्या चेहऱ्याकडे त्यांनी बोट केलं.

"मी खोटं बोलले. ही पावडर मी पंधरा दिवस घेतली आणि सोडली. माझे गुडघे व्यायामानं सुटले. आणि माझं ऐकून माझी मैत्रीण रक्त ओकायची बाकी राहिलीय."

मग दौलतराव हसले. "डोकं फिरलंय हो त्यांचं. गावच्या जमिनीवरून राग आहे माझ्यावर, तो इथे काढतायत."

"जमीन गेली खड्ड्यात! डब्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

दौलतरावांनी डबा पाठीमागे धरला. तेव्हा आईला घेऊन आलेल्या जिज्ञासा नावाच्या मुलीनं समोरच्या टेबलावरून दुसरा उचलला, फिरवला, तळाशी डोळे नेले. बारीक इंग्रजी अक्षरं होती. तिनं मराठीत सांगितलं, "रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कोळंबीच्या कवचापासून बनवलेलं. कोळंबी सोसत नसेल तर घेऊ नये."

"कोळंबी?" पहिल्या रांगेतला एक म्हातारा उठला. "अरे, मी आयुष्यात मासा शिवलो नाही! तू मला जडीबुटी म्हणालास!"

मग एकच गलका झाला. कुणी दौलतरावांची कॉलर धरली, कुणी सोडवायला धावलं. पण निम्मे लोक जागचे हलले नाहीत. विठाबाईंच्या शेजारची बाई तर त्यांच्यावरच खेकसली, "तुम्हाला बरं वाटलं म्हणून आम्हाला वाटू द्यायचं नाही का?" दौलतराव माईक झाकून जवळ आले आणि दातओठ खात म्हणाले, "आजपासून तुम्ही आम्हाला मेलात."

"बरं झालं," विठाबाई म्हणाल्या. "उद्यापासून चहा टाकायला नको."

त्या तिथून थेट यशोधराकडे गेल्या. ती आदल्याच दिवशी घरी आली होती. खाटेवर बसलेली, हातावर सुयांचे डाग, गालांची हाडं वर आलेली. विठाबाईंनी हॉलमधलं सगळं सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. यशोधरा भिंतीकडे बघत ऐकत राहिली.

"झालं सांगून?"

"मी सगळ्यांसमोर त्याला उघडं पाडलं गं."

"तो माझा कोण लागतो?" यशोधराचा आवाज बारीक होता, पण त्यात जराही ओल नव्हती. "त्याच्यावर मी विश्वास ठेवलाच नव्हता. फोन तुला केला होता. माझी झडप तुला ठाऊक होती. ऑपरेशनच्या वेळी उशाशी तू बसली होतीस."

"चुकले मी. दूध उतू जात होतं..."

"दूध!" यशोधरा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. "जा तू, विठा. माझ्याच्यानं बघवत नाही तुझ्याकडे."

आजवर तिनं कधी 'ताई' सोडून हाक मारली नव्हती. मैत्रेयीनं दार उघडून धरलं. विठाबाई बाहेर पडल्या आणि दार लागलं.

नंतर त्यांनी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा मैत्रेयीनंच उचलला आणि आई झोपलीय म्हणाली. व्हिडिओ अजून फिरतो आहे. परवा भाजी घेताना एका अनोळखी बाईनं त्यांना ओळखलं आणि हसून विचारलं, "काकू, तुम्हीच ना त्या पावडरवाल्या?" विठाबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली, तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "आधी सांग, तुला कुठली गोळी चालू आहे?"