अकरा ते साडेबारा

“…आणि म्हणे सोमवारपासून त्या सगळ्या बायका मिळून बंद…”

एवढंच कानावर आलं आणि लिफ्टचं दार मिटलं. काय बंद, कुणाचं बंद, हे सगळं लिफ्टबरोबर वर निघून गेलं. माझी नुसती तगमग झाली. पाय चार आहेत, पण मागोमाग धावायची सोय नाही.

होय, तुमच्याशी मीच बोलतोय. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर भिंतीला टेकून उभं असतं ना, ते लाकडी स्टूल. येता-जाता तुम्ही माझ्यावर पिशव्या टेकवता, नाडी बांधायला बूट ठेवता. आजवर मी चकार शब्द काढला नाही. आज मात्र बोलणार आहे.

माझा जन्म उरल्यासुरल्या लाकडातला. एका सुतारानं कुणाच्या तरी घराची दारं केली आणि शिल्लक तुकड्यांतून मला ठोकलं. एक पाय बोटभर आखूड पडला. “खाली पुठ्ठ्याची घडी घाला, काही कळत नाही,” असं म्हणून त्यानं मला विकून टाकलं. ती घडी आजही माझ्या पायाखाली आहे. पायाखाली पुठ्ठा घेऊनच मी जगात आलो म्हणा ना.

मला विकत घेतलं ते दुर्बीणकाकूंनी. हे नाव इमारतीनं ठेवलेलं. काकूंच्या दाराला बाहेर बघायचं एक भोक आहे, आणि काकूंचा एक डोळा बहुतेक तिथंच असतो. आधी मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो, माळ्यावरचे डबे काढायला. एकदा काका माझ्यावर चढून दिवा बदलत होते. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात फोन. पडले. ओरडले मात्र माझ्या नावानं, “आधी ते स्टूल घराबाहेर काढ!” तेव्हापासून मी पॅसेजमध्ये आहे. काकू संध्याकाळी वाऱ्याला म्हणून माझ्यावर येऊन बसायच्या. आमच्या पॅसेजमध्ये वारा येत नाही. बातम्या येतात. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, तेव्हा दुसऱ्याच्या भानगडीत लक्ष घालायची खोड मलाही लागली असेल तर समजून घ्या.

तर, मावशी.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चौथ्या मजल्यावरून एक बाई जिन्यानं खाली आल्या आणि आमच्या पॅसेजमध्ये भिंतीशी उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा, हाताला साबणाचा वास. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काकूंचा डोळा भोकाला लागलेलाच होता. शेवटी दार उघडलं.

“अहो, कुणाकडे आलात?”

“समोरच्या आजींकडे. पेशंट सांभाळायला, ब्यूरोतून.”

“मग बेल वाजवा की!”

“माझी वेळ साडेबाराची आहे. आधी आत गेलेलं त्यांच्या लेकीला चालत नाही.”

“आणि आत्ता कुठून आलात?”

“चौथ्या मजल्यावरून. हेडमास्तरांकडे आठ ते अकरा असते.”

काकूंनी बोटांवर वेळ मोजली. “म्हणजे दीड तास उभ्याच राहणार? बसा त्या स्टुलावर. चोरीचं नाही ते.”

मावशी बसल्या. पण कशा? अगदी कडेवर, पाहुण्याच्या घरी पोर बसतं तशा. लिफ्टची घंटी वाजली की चटकन उठून उभ्या. लिफ्टमधून कुणीही येवो, दूधवाला येवो नाहीतर वरच्यांचा कुत्रा, मावशी उभ्या. माणूस गेला की पुन्हा कडेवर. दीड तासात दहा-बारा वेळा तरी माझ्यावरचं ओझं असं उठायचं आणि बसायचं. मला वाटायचं, बाई, काय चोरलंयस तू?

घर लांब, बसनं जायला तास, यायला तास. म्हणजे तो दीड तास जायचा माझ्यावरच. हेडमास्तरांची सून वाईट नव्हती, पण अकरा वाजले की तिची कॉम्प्युटरवरची मीटिंग सुरू व्हायची आणि दार लोटलं जायचं. तो वेळ चौथ्या मजल्याचा नव्हता, दुसऱ्या मजल्याचा नव्हता, मावशींच्या घराचाही नव्हता. ब्यूरोच्या लेखी तो नव्हताच. पगार धरायचा तो दार उघडल्यापासून दार मिटेपर्यंत.

आता एक गंमत ऐका, म्हणजे गंमत म्हणायची तर. एके दिवशी मावशी माझ्यावर डबा खात होत्या. लिफ्ट मध्येच बंद पडली म्हणून एक धाकटी बाई जिन्यानं उतरत आली. दोघींच्या पिशव्या सारख्याच, ब्यूरोनं दिलेल्या निळ्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“तुम्ही पण?”

“हो. तू कुठल्या घरी?”

“सहाव्या मजल्यावर. चार वर्षं झाली.”

एकच ब्यूरो, एकच इमारत, चौथ्यापासून सहावा दोनच मजले वर, आणि एकमेकींचं तोंड माहीत नाही! कारखान्यात माणसं दारातच भेटतात, भांडतात, चहा पितात. या बायका एकेका घरात, एकेका खाटेशी, दार लावून. आमच्या काकूंनी धाकटीचं नाव लगेच ठेवलं, सहावी. मग पहिल्या मजल्यावरच्या दोघी सापडल्या, शेजारच्या इमारतीतली एक. साडेअकराला माझ्याभोवती सभाच भरायची. कुणाच्या म्हाताऱ्याची पाठ सोलवटली, कुणाची म्हातारी रोज नव्यानं विचारते तू कोण, कोण डायपर बदलताना थोबाडीत मारतं. हसायच्या, बरं का. रडण्यापेक्षा हसायच्याच जास्त.

मग मावशींची कंबर गेली.

हेडमास्तर अर्ध्या अंगानं लुळे, पण माणूस भरभक्कम, ऐंशी किलोच्या खाली नाही. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर, मावशी एकट्या उचलायच्या. एका सकाळी कमरेत चमक भरली ती निघालीच नाही. चार दिवस त्या आल्या नाहीत. चार दिवस माझ्यावर नुसती धूळ. पाचव्या दिवशी आल्या त्या कमरेला पट्टा आवळून.

“अहो, अजून चार दिवस पडून राहायचं ना!” काकू म्हणाल्या.

“पडले की पगार पडतो, काकू. आमच्यात आजारपणाची रजा नसते.”

“आजाऱ्यांची सेवा करता आणि तुम्हालाच आजारपण नाही?”

सहावी हसली. “आम्ही लोखंडाच्या असतो ना!” पण हसता हसता तिनंच पिशवीतून एक चिठ्ठी काढली. तिची मावसबहीण दुसऱ्या भागात हेच काम करायची. तिकडच्या बायकांनी युनियन केली होती. चिठ्ठीवर युनियनच्या ताईंचा नंबर होता.

ताई आल्या. पायरीवर बसल्या, स्टूल मावशींच्या कमरेसाठी सोडलं. फॉर्म भरायच्या वेळी मात्र मावशी उठून भिंतीला टेकल्या आणि ते माझ्या पाठीवर ठेवून भरले गेले. पाचजणींच्या पाच सह्या. त्यातली एक सही इतकी दाबून केली की तिचा ओरखडा माझ्या लाकडात अजून आहे. इतकी वर्षं माझ्या अंगावर चहाचे डाग होते, बुटांची माती होती. आता सही आहे.

आणि इथंच आमच्या काकूंनी घोळ घातला.

ब्यूरोच्या मॅडम पाहणीला आल्या होत्या. काकूंना वाटलं, चार चांगले शब्द सांगावेत. “तुमच्या मावशी म्हणजे सोनं हो! कधी कुठं जात नाही, येत नाही. रोज अकरा ते साडेबारा बघा, याच स्टुलावर. घड्याळ लावून घ्या.” मॅडमनी गोड हसून वहीत टिपलं. दोन दिवसांनी मावशींच्या हातात पत्र. काकूंनी ते चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: ‘कामाच्या वेळेत दररोज जिन्यात बसून वेळ घालवल्याचे शेजाऱ्यांकडून समजले. समाधानकारक खुलासा न झाल्यास सोमवारपासून काम देण्यात येणार नाही.’

शेजाऱ्यांकडून! काकूंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या माझ्यावर मटकन बसल्या. “मावशी, माझी जीभ झडो. मी तर कौतुक…”

“ठाऊक आहे मला,” मावशी म्हणाल्या. “युनियनची सही खुपली त्यांना. तुम्ही नसतात बोललात तर दुसरं काही काढलं असतं.” पण पत्राची घडी त्यांनी तीनदा घातली, तीनदा उलगडली. दोन घरं गेली असती. घरी नवऱ्याचं दुकान बंद, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सगळं घर त्या कमरेवर उभं होतं.

खुलाशाला बोलावलं गुरुवारी. काकूंनी सकाळी मला उचलून बगलेत मारलं. काका विचारतात, “हे कुठे?” “साक्षीला!” बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, “याचं तिकीट?” काकू म्हणाल्या, “ते बसतं का कधी? त्याच्यावर लोक बसतात.” आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीतून रस्ता पाहिला.

ब्यूरोच्या ऑफिसात मॅडमसमोर खुर्ची एकच होती, ती त्यांनी ताईंना दिली. मावशी उभ्या. काकूंनी मला मधोमध ठेवलं. “बसा, मावशी.”

“ह्या इथं कशाला?” मॅडमनी विचारलं.

“शेजारी म्हणून. ज्यांच्याकडून तुम्हाला समजलं त्या. तेव्हा अर्धंच लिहिलंत, आता पुरतं लिहा. मावशी रोज अकरा ते साडेबारा या स्टुलावर असते. तीन वर्षं. मी शपथेवर सांगते, मला दुसरं कामच नाही.”

मॅडमना वाटलं, बाई आपल्याच बाजूची आहे. “ऐकलंत ना, ताई?”

ताईंनी ब्यूरोचाच वेळेचा तक्ता टेबलावर ठेवला. “अकराला वरचं घर संपतं. साडेबाराला खालचं सुरू होतं. तुम्ही लिहिलंय, ‘कामाच्या वेळेत’. ती कामाची वेळ असेल तर तिचा पगार द्या. नसेल तर पत्र मागे घ्या. कुठलंही एक सांगा, आम्ही थांबतो.”

 मॅडमनी तक्ता उलटा केला, सुलटा केला. मग आवाज मऊ केला. “मावशी, तुम्ही आम्हाला घरच्यासारख्या. घरच्या माणसांना कशाला हवी युनियन?”

मावशींना आजवर कुणाला उलटून बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं, मधोमध. “मॅडम, घरच्यांची कंबर गेली तर घरचे विचारतात, कसं वाटतंय. चार दिवसांत तुमचा फोन एकदाच आला. ‘उद्या येताय का?’ मी घरची नाही. मी कामावरची आहे. कामाचं बोला.”

काकूंनी टाळी वाजवली. ताईंनी डोळे वटारले, तेव्हा थांबल्या.

पत्र मागे घेतलं गेलं. पुढच्या महिन्यापासून तो दीड तास कामात धरायचं ठरलं. मागच्या तीन वर्षांचं मात्र नाव नाही. आजारपणाच्या रजेचं “वर विचारून सांगते” झालं. ताईंनी वहीत तारीख लिहून घेतली आणि म्हणाल्या, “विचारा. आम्ही परत येतोच आहोत.” निघताना त्यांनी आणखी एक कागद टेबलावर ठेवला. तो काय होता ते मला दिसलं नाही, मी काकूंच्या बगलेत उलटा होतो.

आणि त्याच संध्याकाळी लिफ्टमधलं ते अर्धवट वाक्य. सगळ्या बायका सोमवारपासून बंद…

शुक्रवारपर्यंत इमारतीनं ते वाक्य आपापल्या परीनं पुरं केलं. पाचव्या मजल्यावर काम बंद झालं, सातव्यावर संप झाला, तळमजल्यापर्यंत पोचेतो म्हाताऱ्यांना खाटेवर सोडून बायका मोर्चाला निघाल्यासुद्धा. हेडमास्तरांची सून धावत खाली आली. “काकू, सोमवारी बाबांना उचलणार कोण? मला जमत नाही हो.” काकू पहिल्यांदाच म्हणाल्या, “मला माहीत नाही.” हे त्यांच्या तोंडून ऐकून सून जास्तच घाबरली.

सोमवार उजाडला. आठला पाच मिनिटं कमी. काकूंचा डोळा भोकाला, माझा जीव लिफ्टच्या दारात. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं. आत मावशी होत्या, कमरेला पट्टा. शेजारी सहावी.

“ऐकलं ते खरं का?” काकूंनी दारातूनच विचारलं.

“बंद केलंय,” मावशी म्हणाल्या. “एकटीनं उचलणं. आम्ही सगळ्यांनी. गुरुवारी लेखी दिलंय. अर्ध्या तासापुरती हिला ब्यूरोनंच धाडलंय, पगारी.”

अकराला उतरल्यावर त्यांनी वरची हकिकत सांगितली. दोघींनी मिळून उचललं तेव्हा हेडमास्तरांनी डोळे घट्ट मिटले नाहीत. रोज मिटायचे. मग जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “बरं झालं. मला रोज… भीती वाटायची. तुम्ही पडाल… माझ्याखाली.” तीन वर्षं दोघंही घाबरत होते आणि दोघंही गप्प होते.

असं आहे माझं आत्तापर्यंतचं आयुष्य. परवा इमारतीचे चेअरमन म्हणाले, स्टुलाची अडचण होते, हलवा. काकू म्हणाल्या, आधी तुमची मोडकी सायकल हलवा. तेव्हा मी इथंच आहे. आखूड पायाचा, ओरखड्याचा, पण इथंच. तुमच्या मजल्यावर निळी पिशवी घेऊन कुणी उभी दिसली तर तिला बसायला काहीतरी द्या. आणि तेवढ्यावर धन्य होऊ नका, तिचा हा वेळ कोण धरतंय तेही विचारा. चौकस असणं वाईट नसतं. बोललं ते पुरतं बोलावं, एवढंच.

तर अफवा खरी होती का? काही बंद झालं, हे खरं. काम बंद झालं, हे खोटं. पण आणखी एक गोष्ट बंद झाली, जी कुठल्याच मजल्याच्या अफवेत नव्हती. काल सव्वाअकराला मावशी माझ्यावर डबा खात होत्या. कडेवर नाही, मधोमध, पाय लांब करून. लिफ्टची घंटी वाजली. दार उघडलं. ब्यूरोच्या मॅडम होत्या.

मावशींनी घास पुरता चावला, पाण्याचा घोट घेतला, आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, “बोला, मॅडम.”