मला दोघं लागतात

मी एक जुना बाक आहे. महाविद्यालयाच्या आवारात, झाडाखाली माझी जागा होती. सध्या मी कोठीच्या खोलीत मोडक्या पंख्यांशेजारी पडून आहे. इथल्या खिडकीतून मला सभागृहातला पोडियम दिसतो. मित्रांनो, खरं सांगतो, त्याला पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्मच चुकीतून झाला. सुताराने माझे पाय टोकांना न लावता हातभर आत लावले. एका टोकावर कुणी उभं राहिलं की दुसरं टोक उचललं जायचं. त्यात मधली फळी तडकलेली. वर्गात कोण ठेवणार मला? पण मुलांना भाषणासाठी उंच जागा हवीच होती. त्यांनी एक रीत पाडली. बोलणाऱ्याने एका टोकावर उभं राहायचं आणि त्याचं म्हणणं ज्याला मुळीच पटत नाही, त्याने दुसऱ्या टोकावर बसायचं. भाषण संपलं की दोघांनी जागा बदलायची. मध्येच रागावून उठलं की बोलणारा धाडकन खाली! त्यामुळे दातओठ खात का होईना, सगळे शेवटपर्यंत ऐकायचे. एकदा तर खुद्द प्राचार्य बसले होते. आठवलं की अजून ऊर भरून येतो.

मग पोडियम आला. गुळगुळीत, चकचकीत, वर माइक. त्याला पुसायला शिपाईकाकांकडे वेगळं मऊ फडकं! माझ्यावर पक्षी काय काय करून जायचे, कुणी ढुंकून बघत नसे. तरी मुलं बोलायला माझ्याकडेच यायची, एवढंच माझं समाधान होतं.

ते हिरावलं मिरचीने. ही दुसऱ्या वर्षाची मुलगी, जिभेला धार, म्हणून हे नाव. तिच्याच वर्गातला एक मुलगा कशावरही वाद घालायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणायचे. विद्यार्थी संघटना बंद करा, असं भाषण तो माझ्यावरून करणार होता. मिरची संघटनेतली. ‘असलं ऐकायचंच कशाला?’ म्हणत तिने तीनशे सह्या गोळा केल्या आणि भाषण थांबवण्याचा अर्ज कार्यालयात दिला. पूर्वी मुलं तिथे ‘बोलू द्या’ म्हणून भांडायला जायची. आता ‘बोलू देऊ नका’ म्हणून गेली. कार्यालयाला आयतंच फावलं. नियम निघाला, तोही सगळ्यांसाठी: भाषण फक्त पोडियमवर, मजकूर तीन दिवस आधी द्यायचा, पत्रकावरही कार्यालयाचा शिक्का हवा.

वकिलाचं भाषण बुडालं याचं मला काही वाटलं नाही. सगळी भाषणं त्या चकचकीत सोंगाकडे गेली, याने मात्र मी जळून खाक झालो.

पुढे वसतिगृहात मिरचीच्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीने प्रयोगशाळेत गॅस गळतो असं पत्रक लावलं, बिनशिक्क्याचं. कार्यालयाने तिला परीक्षेला बसायला मनाई केली. चार दिवसांत पाचशे सह्या आणल्या तरच फेरविचार होणार होता. पोडियमवर करायच्या भाषणाचा मिरचीचा मजकूर शेवटच्या दिवशी तपासून परत आला, तेव्हा त्यात ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ एवढंच उरलं होतं.

ती तडक माझ्याकडे आली. ‘बघ रे पोडियमा!’ असं झालं मला. ती चढली, पण दुसऱ्या टोकावर कुणी बसेना.

“अगं, आमच्यावरही कारवाई होईल,” तिच्याच मैत्रिणी पुटपुटल्या.

मी कललो. ती पडली, गुडघा सोलवटला. एवढ्यात वकील पुढे आला आणि बसला.

“तू?”

“दुसरं कुणी दिसतंय का? चढ. तुझं झालं की मी बोलणार, तुझ्या त्या अर्जावर. तेव्हा तू बसायचं.”

मिरची बोलली. तिचा आवाज चिरकला, पण माणसं थांबली, सह्यांचा कागद फिरू लागला. मग जागा बदलल्या.

“हिने माझं तोंड बंद करायला नियम मागितला,” वकील म्हणाला. “आज त्याच नियमाने हिच्या मैत्रिणीची परीक्षा अडवलीय.”

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मिरचीचे कान लाल झाले. ती अर्धवट उठली. मी कललो, वकिलाचा पाय सरकला. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. ती पुन्हा बसली, माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरून.

“बोल,” ती म्हणाली. “सगळं बोल.”

सह्या पुऱ्या झाल्या. मैत्रीण परीक्षेला बसली. मिरचीला आणि वकिलाला कार्यालयाची नोटीस मिळाली आणि मला ‘धोकादायक फर्निचर’ म्हणून इथे आणून टाकलं.

आजही पोडियमवर भाषण चाललंय. तपासलेलं, शिक्का मारलेलं. टाळ्याही पडतायत. हेवा वाटत नाही म्हटलं तर खोटं ठरेल. त्या टाळ्या मला हव्या आहेत. मित्रांनो, लाकडाला वाळवी लागायच्या आत मला इथून बाहेर काढा. एकट्याने उचलला जाणार नाही मी. दोघं या, आणि जमलं तर एकमेकांशी न पटणारे या.