एलिनामीच्या आईचं बेणं

मला लाज वाटते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सांगता सांगता मी स्वतःची बाजू सावरायला लागेन, ओळखते मी मला.

आमच्या डोंगरउतारावर माझ्या वहीला मान आहे. केळीखाली काय लावायचं, कॉफीच्या ओळीत काय, पाटाकडच्या ओल्या कोपऱ्यात काय आणि कुठल्या महिन्यात, सगळं मी लिहून ठेवते. मार्चमध्ये मोठा पाऊस लागतो. त्याच्या आधी पंधरा दिवस बायका माझ्या अंगणात हजर. "नाएली, सांग गं, यंदा टोमॅटो लावू का?" मी सांगते, आणि सांगताना जरा ताठतेही, खोटं कशाला बोलू! माझा नवरा एलिसारिया म्हणतो, "पाऊससुद्धा हिला विचारूनच येतो."

गेल्या वर्षी माझ्या परसातल्या खालच्या कोपऱ्यासाठी मी एलिनामीच्या आईकडे घेवड्याचं बी मागितलं. ती माझी शेजारीण, सत्तरी ओलांडलेली. त्या कोपऱ्यात केळीची दाट सावली, वर डोंगराचा गारठा. तिथं कुठलाच घेवडा धरत नाही, धरतो तो फक्त तिचा, जांभळ्या ठिपक्यांचा. तिच्या सासूनं तिला दिलेलं बेणं ते, अख्ख्या उतारावर दुसऱ्या कुणाकडे नाही. तिनं दाणे राखेत घोळवून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून दिले, तोंड केळीच्या सोपटानं घट्ट बांधून. मी तो तुंबा चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. धुरात भुंगा लागत नाही.

पाऊस लागला, मी पेरलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले, एक कोंब वर येईना. उकरून बघते तर दाणे कुजलेले. माझ्या वहीत असं कधी घडलं नव्हतं. मग चूक कुणाची? माझी तर असूच शकत नाही! रविवारी प्रार्थनेनंतर बायकांची बैठक होती. तिथं सगळ्यांसमोर बोलले, "एलिनामीच्या आईनं मला मुद्दाम मेलेलं बी दिलं. तो घेवडा दुसऱ्याच्या परसात दिसला तर हिचा तोरा कसा राहील?" ती तिसऱ्या बाकावर बसली होती. ती उठली आणि घरी गेली.

ऑगस्टमध्ये मी माळा झाडायला चढले. धुरानं सगळे तुंबे काळेठिक्कर, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. मागच्या बाजूचा एक हाताला जड लागला. सोपटाची गाठ उलट्या पिळाची, म्हणजे एलिनामीच्या आईचीच. सोडून पाहिलं. आत राख, आणि राख पुसली की जांभळे ठिपके. मी पेरलं होतं ते माझंच तीन वर्षांचं जुनं बी, चुलीच्या धगीनं भाजून निघालेलं. राखेतले दाणे सगळे सारखेच करडे दिसतात, आणि मी घाईत निरखून पाहिलंच नव्हतं.

त्याच पावली जायला हवं होतं. हाकेच्या अंतरावर घर. पण मी पुन्हा तशीच गाठ मारली, तुंबा पोत्याखाली दडपला आणि खाली उतरून स्वयंपाकाला लागले. आज जाईन, उद्या जाईन करत सहा महिने काढले. रस्त्यात ती दिसली की मी वाट बदलायची.

आणि फेब्रुवारीच्या अखेरीला तीच आली. हातात इसालेचं पान, गाठ मारलेलं. आमच्यात कुंपणाला हेच झाड असतं, आणि त्याचं पान घेऊन जो दारात येतो त्याला माफ करावंच लागतं. भांडण कितीही मोठं असो, पान परतवायचं नाही.

हिनं का आणावं?

"बसा ना," मी म्हणाले.

"बसते. आधी हे घे." तिनं पान पुढं केलं. "वर्षभर विचार केला गं, नाएली. तू एवढी वहीवाली बाई, उगीच कशाला बोलशील? माझे डोळे अधू झालेत. माझ्याच हातून मेलेलं बी गेलं असणार. मुद्दाम नाही हो दिलं, देवाशपथ! पण गेलं. माफ कर मला."

एलिसारिया दारातून बघत होता. मी पान घेतलं. आणि म्हणाले, "माफ केलं." म्हणाले मी! जीभ कशी झडली नाही माझी!

"हुश्श!" ती मोकळेपणानं बसली. "आता काढ तुझी वही. माझ्या खालच्या कोपऱ्यात यंदा काय लावू?"

"काय म्हणजे? तुमचा घेवडा."

"तो कुठला आता? त्या बैठकीनंतर कुणी माझ्याकडे बी मागायला फिरकलं नाही. म्हटलं, कुणालाच नको असलेलं बेणं राखून काय करायचं? केळ्यांबरोबर शिजवून खाऊन टाकलं सगळं. चव मात्र झकास होती हो." आणि ती हसली.

मी वही उघडली. "अळू लावा."

"आहे की."

"कोनफळ?"

"वेल चढवू कशावर? झाड तर एलिनामीनं तोडलं."

"मग कामोणीची भाजी..."

"गारठ्यात पिवळी पडते. तूच तर सांगितलं होतंस!"

मी नुसतीच वहीची पानं उलटत राहिले. पाऊस आठवड्यावर आला होता. ते बेणं आता जगात एकाच ठिकाणी होतं, माझ्या पोत्याखाली. गप्प बसले असते तर माझा मान राहिला असता, आणि तिच्या सासूचा घेवडा माझ्या माळ्यावर मेला असता.

मी उठले, वर चढले आणि तुंबा आणून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे तुमचंच. तुम्ही दिलेलं. मी पेरलंच नव्हतं, माझं जुनं पेरलं. ऑगस्टपासून ठाऊक आहे मला."

तिनं अंगठ्यानं गाठ चाचपली. उलटा पीळ तिचाच होता.

"ऑगस्टपासून?" एलिसारिया म्हणाला. "अगं, आणि आत्ता तू हिला माफ केलंस?"

ती उठली, तुंबा काखेत मारला आणि दुसरा हात माझ्यापुढं धरला.

"माझं पान दे परत."

मी दिलं.

"तुझं तू तोड आणि घेऊन ये. अंधारात लपतछपत नको. बाजाराच्या दिवशी ये, वरच्या रस्त्यानं."

बाजाराच्या दिवशी मी निघाले. हातात पान दिसलं की लोक विचारणारच. "नाएली, कुणाचं काय केलंस गं?" टोपल्या घेऊन चाललेल्या बायका थांबत होत्या. ज्यांना माझी वही पाठ होती त्याच सगळ्या. प्रत्येकीला मी काय केलं ते सांगितलं. चौथ्या-पाचव्या बाईपाशी रडू फुटलं, तरी सांगितलं.

ती खालच्या कोपऱ्यात पेरत होती. हात मातीनं भरलेले. तशाच हातानं तिनं पान घेतलं.

"माफ केलं," ती म्हणाली. "पानाला नाही म्हणता येत नाही म्हणून."

आणि पुढचा दाणा पेरायला वाकली.