मागच्या खोलीत एक

इमारतीत सगळे त्यांना बादलीकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. नाव ठेवणाऱ्यांचा तरी काय दोष? फटाक्यांच्या सुट्टीला आठवडा उरला की हा गृहस्थ हातात यादी घेऊन दारोदार फिरे. एक बादली पाण्याची, एक वाळूची, अशा दोन भरून दाराशी दिसल्याशिवाय तो कुणाला सुखानं बसू देत नसे. चौतीस वर्षं त्यांनी अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन उचलले होते. बंबावर ते एकदाही चढले नव्हते, पण आग लागली की शहाणीसुरती माणसं काय काय बरळतात हे त्यांच्या कानांना पाठ झालं होतं. त्यामुळे त्यांचा कुणावरही विश्वास नव्हता.

वाळत घातलेले कपडे आत घ्या, खिडक्या लावून घ्या, फुसका निघालेला फटाका बघायला वाकू नका, भाजलं तर वीस मिनिटं गार पाण्याखाली धरा आणि टूथपेस्ट दातांनाच लावा, असं ते प्रत्येक दारात सांगत. दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्टबाईंना गॅलरीतले पुठ्ठ्याचे खोके हलवायला त्यांनी पाच वर्षं सांगितलं होतं. बाई दरवर्षी गोड हसून हो म्हणत, आणि पुढच्या वर्षी खोके दोनने वाढलेले असत.

पण काकांचा खरा जीव यादीत होता. घर कितवं, माणसं किती, कोण कुठल्या खोलीत झोपतं, कुणाला जिना उतरता येत नाही, सगळं त्यात असे. एक प्रत त्यांच्या खिशात आणि एक खालच्या दाराशी, लाल पत्र्याच्या डब्यात, बंबवाल्यांसाठी. दलात त्यांनी नव्या भरतीच्या पोरापोरींनाही हेच शिकवलं होतं: घाबरलेला माणूस काहीही सांगतो, वर कुणी नाही म्हणतो आणि आई वर राहिलेली असते, तेव्हा माणसाचं ऐकू नका, यादी बघा.

आणि या यादीत, स्वतः काकांच्या हातानं, स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: घर नंबर सात. माणसं तीन. पुढच्या खोलीत दोन, मागच्या खोलीत एक.

मागच्या खोलीत नऊ वर्षांत कुणी झोपलं नव्हतं. लेक परदेशी गेली त्या वर्षी काकांनी सवयीनं तीन लिहिलं. दुसऱ्या वर्षी पेन जरा अडखळलं, पण दोन लिहायला काही हात धजेना. पुढं ते तसंच चालू राहिलं. वर्षातून एकदा, एका कागदावर तरी, पोर घरात असे. काकूंनी एकदा टेबल पुसताना तो कागद वाचला होता. वाचून त्यांनी तो चष्म्याखाली होता तसा परत ठेवून दिला.

लेकीला त्यांनीच नियंत्रण कक्षात चिकटवलं होतं. आवाज शांत, डोकं थंड, बापाचं नाव काढील असं सगळेच म्हणत. अकरा महिने तिनं फोन घेतले. मग एका दुपारी एका बाईचा फोन आला, आणि ती बाई बोलता बोलता गप्प झाली ती झालीच. लेकीनं कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाली की मला हे नाही जमणार. काका शेजारच्याच खुर्चीत होते. सगळ्या पाळीसमोर ते तिला म्हणाले, "भित्री कुठली." तो एवढासा शब्द. दीड महिन्यानं ती गेली, आणि आता कुठल्याशा देशात झाडांची रोपं करून विकत होती. तिच्याशी बोलायचं तर आधी तो शब्द मागं घ्यायला हवा होता, आणि तो कसा घेतात हे चौतीस वर्षांत काकांना कुणी शिकवलं नव्हतं.

काकू दर रविवारी स्वयंपाकघरातून तिला फोन करत. दार अर्धवट लोटलेलं असे. फोन लागला की काका बाहेर टीव्हीचा आवाज बारीक करत आणि बातम्यांकडे डोळे लावून कान आतमध्ये ठेवत. त्यांना फक्त काकूंचा अर्धा भाग ऐकू येई. जेवलीस का, थंडी आहे का, पाठ दुखते का अजून. उरलेला अर्धा ते मनात भरत बसत. काकू बाहेर येऊन म्हणत, तुमचं विचारत होती. काका म्हणत, बरं. मग टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा होई.

त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी, उजेड पुरता मावळायच्या आतच समोरच्या मैदानावर बाण सुटायला लागले. त्यातला एक वाट चुकला आणि सरळ टायपिस्टबाईंच्या गॅलरीत, पाच वर्षांच्या खोक्यांत जाऊन बसला.

पुढं जे झालं त्याबद्दल काकांचं कौतुक करायलाच हवं. त्यांनी दारं ठोठावली, लिफ्टपाशी गेलेल्यांना मागं ओढलं, चालता न येणाऱ्या आजींना खुर्चीसकट उतरवून घेतलं. काकूंनी दलाला फोन केला आणि रडण्याओरडण्याआधी पत्ता सांगितला. पाच मिनिटांत सगळी इमारत समोरच्या इस्त्रीच्या दुकानापाशी उभी होती. काकांनी खिशातली यादी काढून, सात नंबरला सवयीनं दोनच धरून, मोजलं. एकोणतीस माणसं, एक मांजर, सगळी हजर. जिन्यातून काळा धूर येत होता, दुसऱ्या मजल्याची काच तडकली होती, आणि तरी काकांना आतून गुदगुल्या होत होत्या. इतक्या वर्षांची कटकट फळाला आली होती. ते टायपिस्टबाईंकडे वळले आणि खोके या विषयावर त्यांनी तोंड सोडलं.

त्या गडबडीत बंब आला. अधिकारीण बाईंनी उतरल्या उतरल्या लाल डबा उघडला, यादी घेतली आणि घरांचे नंबर पुकारून माणसं मोजली. सात नंबरपाशी त्या थांबल्या. तिघांतली दोनच खाली होती. त्यांनी एका जवानाला सांगितलं, तिसरा मजला, मागची खोली, एक. काकू गर्दीतून पुढं येईपर्यंत त्यानं तोंडावर मुखवटा चढवला आणि तो आत शिरला. काका वळले तेव्हा त्याची पाठ धुरात दिसेनाशी होत होती.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण समोर एकोणतीस माणसं होती, आणि जो इतकी वर्षं यादी घेऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसला त्यानंच त्यात खोटं लिहिलंय हे बोलायला जीभ उचलेना. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या वाट बघत. ते अधिकारीण बाईंपाशी गेले.

"मॅडम, वर कुणी नाही."

"काका, यादीत आहे," त्या जिन्यावरची नजर न काढता म्हणाल्या. त्या काकांच्याच हाताखाली शिकून गेल्या होत्या.

"यादी चुकीची आहे."

"तुमची यादी?" आता त्यांनी वळून पाहिलं. घाबरलेल्या माणसाकडे बघतात तसं. "काका, तुम्ही जरा बसून घ्या. कोण झोपतं मागच्या खोलीत?"

"माझी लेक. नऊ वर्षं झाली तिला परदेशी जाऊन. मीच लिहितो. दरवर्षी यादीत मीच लिहितो तिला."

अख्खी इमारत ऐकत होती. टायपिस्टबाई खाली बघू लागल्या. अधिकारीण बाईंनी वॉकीटॉकी तोंडाशी धरून जवानाला परत बोलावलं. उत्तर आलं नाही. पुन्हा बोलावलं, नुसती खरखर आली. काकांनी आयुष्यभर फोनच्या पलीकडच्या टोकाला बसून लोकांना धीर धरा म्हणून सांगितलं होतं. धीर कसा धरतात ते त्यांना आत्ता कळत नव्हतं. कुणाचा तरी मुलगा त्यांच्या रिकाम्या खोलीत जीव घालवत होता, आणि त्याला तिथं त्यांच्या पेनानं पाठवलं होतं. देवा, एवढं त्या पोराला बाहेर काढ, पुन्हा मी काही मागणार नाही, असं ते मनात म्हणत राहिले.

सहा मिनिटांनी जवान खोकत बाहेर आला. कुठंतरी तापलेल्या लोखंडाला टेकून त्याचं मनगट भाजलं होतं. काकूंनी कुणाला विचारलं नाही, त्याचा हात धरला आणि इस्त्रीवाल्याच्या नळाखाली नेला. तो मात्र मान वळवून वळवून अधिकारीण बाईंना सांगत होता की पलंगाखाली बघितलं, कपाटात बघितलं, पडद्यामागं बघितलं, कुणी नाही सापडलं. त्याचा चेहरा गुन्हेगारासारखा झाला होता.

काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. तो शिव्या देईल असं त्यांना वाटलं, आणि दिल्या असत्या तर बरंही वाटलं असतं. जवानानं ऐकून घेतलं आणि मोठा श्वास सोडला.

"म्हणजे माझ्याकडून राहिली नाही ना? मग सुटलो," तो म्हणाला. "मला वाटलं लहान मूल असेल, भीतीनं लपून बसलं असेल. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतीच हाका मारत होतो."

"काय म्हणून?"

"बाळा म्हणून. ये बाळा, भीती वाटली तरी चालेल, मी आलोय. तीनचारदा मारली हाक."

काका तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले. त्या खोलीत नऊ वर्षांनी त्यांच्या पोरीला कुणीतरी हाक मारली होती, आणि ती मारणाऱ्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो टीव्हीचा आवाज कमीजास्त करत बसला होता. त्यांना रडू आलं. एवढ्या लोकांसमोर ते रडले आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

आग तोवर आटोक्यात आली होती. बंबाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. नळाखालची वीस मिनिटं पुरी झाल्यावर काकू येऊन शेजारी बसल्या, त्यांच्या साडीचा पदर ओला झाला होता.

"फोन लाव तिला," काका म्हणाले.

"आज रविवार नाही," काकू म्हणाल्या, पण त्यांची बोटं तोवर पदराच्या आडून फोन काढू लागली होती. नंबर लावून त्यांनी फोन काकांच्या हातात दिला. काकांनी तो कानाला लावला. तिकडे घंटी वाजत होती. इतक्या घंट्या त्यांनी आयुष्यात कधी या बाजूनं मोजल्या नव्हत्या.

"हां आई, बोल. आज कसा काय?"

आवाज जरा जाड झाला होता. थंडीचा असेल, किंवा वयाचा. अर्ध्या लोटलेल्या दाराआड इतकी वर्षं मनानं भरलेला आवाज हा नव्हता, ते काकांच्या लगेच लक्षात आलं.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

मग ती बोलली तेव्हा तिचा श्वास लागलेला होता.

"बाबा? आई कुठंय? बाबा, आईला काय झालं?"

काकांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज ऐकून पोरीला एवढंच सुचलं होतं. दुसरं काही सुचावं असं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं.

"आई माझ्या शेजारी बसलीय, तिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "कुणालाच काही झालेलं नाही, बाळा. मला तुला हाक मारायची होती."