हवा लागलेला थर

आमच्या संशोधन केंद्राचं नाव पाटीवर तीन ओळींत मावलंय आणि आत धातूचा थर चढवायचं मशीन एकच, तेही एका वेळी एकच धातू वितळवणारं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! अंबरनाथच्या त्या इमारतीत मी दोन वर्षं प्रोजेक्ट असिस्टंट होते आणि त्या मशीनवर माझ्याइतकं कुणीही राबलेलं नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

काम असं होतं. स्फटिकाच्या चकतीवर सोन्याच्या अतिबारीक रेघा काढायच्या, दोन रेघांतलं अंतर केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्श्याएवढं. त्यांच्यावर लेसरचा झोत मारायचा, तोही डोळ्याला दिसणार नाही इतका क्षणिक. सोनं तापून एकदम फुगतं, खालच्या स्फटिकाला धक्का देतं आणि त्याच्या पृष्ठभागावरून ध्वनीची लहर पळत सुटते, सेकंदाला हजार कोटी हेलकावे घेत. उद्याच्या फोनमध्ये सिग्नल वेगळे करायला हीच लहर लागणार, असं दिनानाथ सर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगायचे.

आमची लहर मात्र पळतच नव्हती. सोनं स्फटिकाला थेट चिकटत नाही, म्हणून खाली टायटॅनियमचा पातळ थर देतात. तो आम्ही देत होतो. तरी रेघा सुटायच्या, सोनं जागच्या जागी थरथरायचं आणि धक्का खाली पोचायचाच नाही. आठ महिने असेच गेले. सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी सोहम लेसरला दोष द्यायचा आणि सर मला. मला जूनमध्ये पीएच.डी.च्या मुलाखती द्यायच्या होत्या आणि त्यासाठी एका रिसर्च पेपरवर नाव हवं होतं. फक्त एका.

माझ्या पप्पांनी, शिवराम यांनी, उल्हासनगरात एका सिंधी सेठच्या गाळ्यात तीस वर्षं प्लेटिंग केलं, नकली दागिन्यांवर सोन्याचं पाणी. एका रविवारी मी विठ्ठलवाडीच्या घरात धुसफुसत बसले होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "सोन्याच्या खाली काय देता तुम्ही?"

"टायटॅनियम."

"अन् मग?"

"मग मशीन उघडून सोनं भरतो, परत बंद करून आतली हवा खेचून काढतो. पाऊण तास जातो."

पप्पा हसलेच. "अगं येडे, तिथंच माल जातोय. आमच्याकडं निकेल चढला की धुवून ओल्यातच सोन्याच्या टाकीत. मधे कोण चहाला गेला की खल्लास. निकेलला हवा लागली की सोनं पकडतच नाय."

टायटॅनियमवर हवेत ऑक्साइड चढतो, हे मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं. लिहिलं आणि विसरले.

सोमवारी मी सरांना म्हटलं, की मशीन न उघडता दोन्ही धातू एकामागोमाग चढवायला हवेत. सरांनी मान वर केली. "हे कोणी सुचवलं तुला?"

सोहम शेजारीच उभा होता. त्या खोलीत प्रत्येकाचा बाप इंजिनियर नाहीतर प्रोफेसर होता. माझं आडनाव पहिल्या दिवशी दोनदा विचारून झालं होतं आणि फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'सुपरवायझर' लिहिलं होतं.

"कुठेतरी वाचलं, सर," मी म्हणाले.

दोन धातू एकाच वेळी मावतील अशी जोडणी मीच तीन आठवडे खपून बसवली. पहिल्याच चकतीवर लहर दिसली. सोहम ओरडला, सरांनी पेढे वाटले.

मार्चमध्ये पेपर छापून आला. वर चार नावं होती. माझं नाव शेवटच्या ओळीत होतं, मशीनची देखभाल केल्याबद्दल आभार म्हणून. मधे अख्खा परिच्छेद होता, की टायटॅनियमला हवा लागू न देणं निर्णायक आहे, हे लेखकांच्या लक्षात आलं. आयत्या पिठावर रेघोट्या! मी तडक केबिनमध्ये शिरले.

"सर, ती कल्पना माझी होती."

"यशोधरा, बी फेअर," सर शांतपणे म्हणाले. "तूच म्हणालीस, कुठेतरी वाचलं. सोहमनं आठवडाभर शोधलं, कुठे सापडलं नाही. मग त्यानं ते सिद्ध केलं. वाचलेल्या गोष्टीवर ऑथरशिप मागतात का? कुणाचं होतं ते सांगायचं होतंस, मी विचारलं होतं."

विचारलं होतं, हे खरंच. चोर ते होतेच, पण आतून कडी मी काढून दिली होती. आता बापाचं नाव घेतलं असतं तर ते थाप वाटलं असतं. मी बाहेर आले. मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग आला होता.

घरी पप्पांनी पेपरची प्रिंट मागून घेतली आणि नावांवरून बोट फिरवलं. "तुझं कुठाय?"

"नाही घातलं."

त्यांनी बोट परत पहिल्या नावावर नेलं. मग म्हणाले, "पण तू सांगितलं होतंस ना त्यांना? की प्लेटिंगवाल्या बापानं सांगितलं म्हणून?"

"हो, पप्पा. पहिल्याच दिवशी."

त्यांचा चेहरा उजळला. "मग? काय बोलले?"

"म्हणाले, हुशार आहेत तुझे वडील."

पप्पांनी प्रिंटची नीट घडी घातली आणि ते शेजारच्या भगवंतकाकांकडे गेले. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू येतं. "नाव नाय छापलं रे," पप्पा सांगत होते, "पण साहेबाला ठाऊक आहे."