लोहचुंबकाने पुसलेली आठवण

मी एक जुना दगड आहे. जुना म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळातला नव्हे, मित्रांनो. मी पृथ्वीपेक्षाही थोडा थोरला आहे. हल्ली एका संग्रहालयात खिडकीजवळच्या टेबलावर पडून असतो, आणि खरे सांगायचे तर फार थकलो आहे.

आधी वायू आणि धूळ यांचा एक अवाढव्य ढग होता. तो स्वतःच्याच भाराने आक्रसला आणि गरगरू लागला. मधोमध सूर्य पेटला. उरलेला वायू आणि धूळ त्याच्याभोवती चपट्या चकतीसारखी फिरत राहिली. कणाला कण चिकटला, खड्याला खडा, आणि ग्रह झाले. सूर्याजवळच्या उष्णतेत दगडांचे ग्रह घडले, पृथ्वी त्यांतलीच. लांबच्या थंडीत गुरूने बर्फ आणि वायू गोळा करून चांगलेच अंग धरले. त्याच्या ओढाताणीत आम्हा शेजाऱ्यांना ग्रह होणे काही जमले नाही. घर बांधून झाल्यावर उरलेल्या खडीसारखे आम्ही मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये पडून राहिलो.

मग कधीतरी वाट चुकलो आणि एका शिंप्याच्या अंगणात आदळलो. त्याच्या बायकोने काही दिवस मला दाराला टेकू म्हणून वापरले, नंतर संग्रहालयात दिले.

इथे मला सांभाळणारे काका भेटले. मुले आली की ते खिशातून मोठा लोहचुंबक काढून मला लावत. तो टक्‌ करून चिकटला की मुले हरखून जात. म्हाताऱ्याच्या पोटात लोखंड आहे, असे सांगून काका ढगापासून ग्रहांपर्यंतची सगळी गोष्ट रंगवत. मुलांची कोवळी बोटे अंगावरून फिरली की माझा शीण जाई.

परवा एक संशोधक बाई आल्या. ग्रह घडत होते तेव्हा त्या वायूत किती चुंबकत्व होते, याची खूण माझ्यातल्या लोखंडाने जपलेली असते. ती वाचली तर त्या काळचा वायू कसा वाहत होता, हे उमगते. त्यासाठीच त्या लांबून आल्या होत्या. काकांनी कौतुकाने लोहचुंबक पुढे केला आणि बाईंचा चेहरा पडला.

"हा याला लावता तुम्ही?"

"रोज लावतो. का हो?"

"त्याने जुनी खूण पुसली जाते, काका. आता काहीच वाचता येणार नाही."

काका खुर्चीत बसले. "मला कुणी सांगितलंच नाही," एवढेच म्हणाले. बाईंनी दोष दिला नाही, पाणी आणून दिले. करायला गेले एक आणि झाले भलतेच. खरोखर, मी आठवायला जातो तेव्हा नेमके तेवढेच आठवत नाही. वाईट वाटते.

तेव्हापासून काका ती गोष्ट सांगत नाहीत. लोहचुंबक कपाटात गेला. मुले येतात, पाटी वाचतात आणि पुढच्या दालनातल्या सांगाड्याकडे पळतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूला काही लावण्याआधी जाणत्याला विचारा, हे तर सांगायलाच हवे. पण माझे मागणे दुसरेच आहे. माझ्यातले जायचे ते गेले. काकांच्या तोंडी मात्र ती सगळी गोष्ट अजून शाबूत आहे. इथे आलात तर त्यांच्या खुर्चीजवळ थांबा आणि ती त्यांना सांगायला लावा.