चुन्याचा शिंतोडा आणि पितळी गडवा

मित्रांनो, वच्छलाबाईंच्या घरचा मी जुना पितळी गडवा. गेल्या महिन्यात एका दुपारी त्यांनी मला माळ्यावरून काढले, चिंचेने घासले आणि म्हणाल्या, "लयच कायवंडला रे बाबा!" मग मला उन्हात ठेवून त्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. तो त्यांचा शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या सकाळी त्या उठल्याच नाहीत.

तांबटाने मला ठोकून घडवले आणि राळेगावच्या बाजारातून त्यांच्या लग्नाच्या भांड्यांसोबत मी या घरी आलो. पाहुण्यांना पाणी दिले, शेतात गेलो. पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर चढलो. पण त्याआधीचा, प्रेरणा लहान असतानाचा एक दिवस मी विसरलो नाही.

दिवाळीआधी भिंतींसाठी पिंपात चुना भिजत घातला होता. त्यावर पाणी मीच ओतले होते. खदखदत्या चुन्याचा शिंतोडा उडाला तो वच्छलाबाईंच्या शाळकरी लेकीच्या, या प्रेरणाच्याच डोळ्यात. ती किंचाळत डोळा चोळू लागली. वच्छलाबाईंनी आधी तिचे हात धरले.

शेजारच्या विजयमालाकाकू धावत आल्या. "पानी नोको घालू वच्छला! चुना पान्यानं उकयते, दिसत नाही काय? तूप घाल!"

खरे सांगतो, मलाही तेच वाटले. पिंपात तो कसा उकळला, मी नुकतेच पाहिले होते.

"गडवाभर पान्यानं उकयते," वच्छलाबाई म्हणाल्या. "घागरीवर घागर ओतली तं वाहून जाते. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगतलं हाये. तू तूप ठेव अन् पानी आन!"

चुना दुसऱ्या डोळ्यात वाहू नये म्हणून तो डोळा खालच्या बाजूला येईल असे त्यांनी प्रेरणाचे डोके कलते धरले, बोटांनी पापण्या उघड्या ठेवल्या. मी भरत राहिलो, रिता होत राहिलो.

"सोड मले! मारून टाकतं का मले?"

आईच्या हातावर नखांचे ओरखडे उठले. हात हलला नाही.

दवाखान्यात नेताना ऑटोतही धार सुरूच होती. ऑटोवाला बाबुलाल कुरकुरला, "मावशी, गाडीत नाला आनला तुमी!"

"मंग पोहत चाल, पन लवकर चाल!"

डॉक्टरांनी पापणी उलटवून अडकलेले कण काढले, डोळा पुन्हा धुतला. बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका राहिला. नजर मात्र हळूहळू परत आली.

मित्रांनो, चुना असो की फवारणीचे औषध, डोळा चोळू नका, तूप-तेल घालू नका. स्वच्छ पाणी लगेच ओता, ओतत राहा आणि दवाखाना गाठा. काटा किंवा काडी रुतली असेल तर मात्र मला दूर ठेवा. ती उपटू नका, डोळा दाबू नका, तसेच डॉक्टरांकडे जा.

या घरात कोणी कोणाचे आभार मानत नसे. वच्छलाबाईंच्या तेरवीनंतर भांडी आवरताना प्रेरणाने मला हातात घेतले. पाहुणे निघून गेले होते. समोर कोणी बसले असावे तशी ती मोठ्याने म्हणाली,

"तू माह्या रडन्याले भ्याली नाही, आई. म्हनून मले दिसते."